यूट्यूब-टेलिग्रामवरच्या शेअर टिप्सवरचा विश्वास उडाला आहे. आता पुढे काय?

प्रश्न थोडक्यात असा आहे: दोन वर्षे तीन-चार यूट्यूब चॅनेल आणि पैसे भरून घेतलेला एक टेलिग्राम ग्रुप यांच्या सांगण्यावरून शेअर घेतले. बाजार चढत होता तोवर सगळे ठीक चालले. आता निम्म्याहून अधिक शेअर तोट्यात अडकले आहेत आणि ती नावे चॅनेलवर कोणी काढतही नाही. यातले प्रामाणिक कोण हे कसे ओळखायचे, आणि हातातल्या शेअर्सचे काय करायचे?

विश्वास उडाला हे चांगलेच झाले. खरा धोका त्यानंतर येतो. बहुतेक जण एका चॅनेलवरून उठतात आणि जरा सौम्य बोलणाऱ्या दुसऱ्या चॅनेलवर जाऊन बसतात. बोलणारा बदलतो, पण त्याच्या शब्दावर शेअर घ्यायची सवय तशीच राहते. माझे म्हणणे असे की इथून पुढे बोलणाऱ्याला नंतर बदलता येणार नाही अशाच नोंदींवर विसंबायचे: सेबीकडची (शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सरकारी नियामक संस्थेकडची) नोंदणी, शेअर बाजाराकडे कंपनीने दाखल केलेली कागदपत्रे आणि तारीखवार किमती. तिन्ही गोष्टी फुकट पाहता येतात.

सुरुवात नोंदणीपासून करू, कारण त्याला दहा मिनिटेही लागत नाहीत. अमुक शेअर घ्या किंवा विका असे पैसे घेऊन सांगायचे असेल तर सेबीकडे रिसर्च ॲनालिस्ट म्हणून नोंदणी लागते. हा क्रमांक ‘आयएनएच’ या अक्षरांनी सुरू होतो. तुमची परिस्थिती पाहून एकूण गुंतवणुकीचा सल्ला देणारा इन्व्हेस्टमेंट ॲडव्हायझर असतो, त्याचा क्रमांक ‘आयएनए’ने सुरू होतो. तुमचे पैसे स्वतः हाताळणाऱ्या पोर्टफोलिओ मॅनेजरचा क्रमांक ‘आयएनपी’ने सुरू होतो आणि त्याच्याकडे किमान 50 लाख रुपये गुंतवावे लागतात. म्हणजे दोन लाख घेऊन ‘अकाउंट हँडल करतो’ म्हणणारा आणि लॉगिन-पासवर्ड मागणारा माणूस नियमाबाहेरचाच आहे, त्याचा निकाल कितीही चांगला दिसो. क्रमांक व्हिडिओखाली लिहिलेला आहे एवढ्यावर थांबू नका. सेबीच्या संकेतस्थळावरच्या यादीत तो स्वतः शोधा आणि नाव, पत्ता, ईमेल जुळतात का पाहा. दुसऱ्याचा क्रमांक उचलून लावणे हा नेहमीचा प्रकार आहे. पैसे भरताना खाते कोणाच्या नावावर आहे तेही पाहा. ऑक्टोबर 2025 पासून नोंदणीकृत संस्थांसाठी ‘ॲट व्हॅलिड’ (@valid) असलेले यूपीआय आयडी सुरू झाले आहेत आणि ‘सेबी चेक’ या सुविधेत खाते क्रमांक टाकून खातरजमा करता येते. फी एखाद्या तिसऱ्याच व्यक्तीच्या बचत खात्यात मागितली तर तिथेच थांबा.

नोंदणी असली म्हणजे सल्ला चांगला असे नाही. ती असली की माणूस नियमांच्या कक्षेत येतो, आणि ते नियम तुमच्या कामाचे आहेत. रिसर्च ॲनालिस्टला ज्या शेअरची शिफारस करायची त्यात शिफारशीआधी 30 दिवस आणि नंतर 5 दिवस स्वतः व्यवहार करता येत नाही. स्वतःच्या शिफारशीच्या उलट व्यवहार करता येत नाही. तो शेअर स्वतःकडे असेल तर सांगावे लागते. वैयक्तिक ग्राहकाकडून एका कुटुंबामागे वर्षाला 1,51,000 रुपयांपेक्षा जास्त फी घेता येत नाही, आणि आगाऊ घेतली तर जास्तीत जास्त एका वर्षाची. ठरावीक परताव्याची हमी कोणालाच देता येत नाही. ‘महिन्याला 5 टक्के पक्के’ हे वाक्य ऐकले की पुढचे ऐकायची गरज नाही.

‘मी सेबी नोंदणीकृत नाही, हा व्हिडिओ फक्त शिक्षणासाठी आहे’ ही ओळ तर सगळीकडे दिसते. ही ओळ लिहिल्याने कोणी सुटत नाही. सेबी प्रत्यक्ष वागणूक पाहते. ऑक्टोबर 2023 मध्ये ‘बाप ऑफ चार्ट’ हे चॅनेल चालवणाऱ्या नसिरुद्दीन अन्सारी यांच्याविरुद्धच्या अंतरिम आदेशात नेमके हेच घडले. कोर्सच्या नावाखाली शेअर सुचवले जात होते, आणि जमा केलेले सुमारे 17.2 कोटी रुपये वेगळ्या खात्यात ठेवायला सांगण्यात आले. जानेवारी 2021 ते जुलै 2023 या काळात खुद्द त्यांना ट्रेडिंगमध्ये 2.89 कोटींचा निव्वळ तोटा झाल्याची नोंद त्याच आदेशात आहे. मराठी प्रेक्षकांना जवळची उदाहरणेही आहेत. पुण्याच्या रवींद्र भारती यांच्या संस्थेला नोंदणीशिवाय सल्ला दिल्याबद्दल डिसेंबर 2024 च्या आदेशाने सुमारे 9.5 कोटी रुपये परत करायला सांगितले गेले. डिसेंबर 2025 मध्ये कर्जतला केंद्र असलेल्या अवधूत साठे ट्रेडिंग अकॅडमीविरुद्धच्या अंतरिम आदेशाने सुमारे 546 कोटी रुपये रोखले गेले. अंतरिम आदेश म्हणजे अंतिम निष्कर्ष नव्हे, हे इथे सांगायलाच हवे. पण असे आदेश सेबीच्या संकेतस्थळावर पूर्ण वाचायला मिळतात. कोणाच्याही कोर्सला पैसे भरण्याआधी त्याचे आणि त्याच्या कंपनीचे नाव तिथे टाकून शोधा.

जानेवारी 2025 च्या सेबीच्या परिपत्रकाने फक्त शिक्षण देणाऱ्याला गेल्या तीन महिन्यांतल्या बाजारभावांचा वापर करून शेअरबद्दल बोलायला मनाई केली. हा नियम प्रेक्षकालाही उत्तम चाळणी म्हणून वापरता येतो. ताळेबंद वाचणे, कॅश फ्लो समजून घेणे, जोखीम मोजणे हे सगळे दोन वर्षांपूर्वीच्या आकड्यांवर तितकेच चांगले शिकवता येते. आजचा चार्ट दाखवल्याशिवाय ज्याचा वर्ग चालत नाही, तो टिप विकतो आहे.

आता चॅनेलच्या कमाईकडे बघा, कारण बरेच जण लबाड नसतानाही चुकीचेच शेअर सुचवत राहतात. वर्षात बाजार साधारण 245 ते 250 दिवस उघडा असतो. मन लावून अभ्यास करणाऱ्याला वर्षाकाठी पाच-सात कंपन्या खरोखर घेण्यासारख्या सापडतात. पण चॅनेलला रोज एक व्हिडिओ लागतो, आणि ‘आज काही करू नका’ या शीर्षकाचा व्हिडिओ कोणी उघडत नाही. त्यामुळे रोज नवे नाव येते आणि कालचे नाव मागे पडते. त्यात कोर्सची फी, जाहिराती आणि डिमॅट खाते उघडायच्या लिंकवरचे पैसे धरा. यातला एकही रुपया तुमच्या नफ्यावर अवलंबून नाही. ऑगस्ट 2024 मध्ये झालेल्या नियमबदलानंतर ब्रोकर आणि इतर नोंदणीकृत संस्थांना नोंदणीशिवाय सल्ला देणाऱ्यांशी आर्थिक संबंध ठेवता येत नाही. म्हणून नोंदणी नसलेल्या टिपकाराच्या व्हिडिओखाली आजही ब्रोकरची लिंक दिसत असेल, तर दूर राहायला तेवढे एक कारण पुरेसे आहे.

पण इतके सगळे पाहूनही मनात राहते की ‘त्याचे दहातले सात कॉल, म्हणजे घ्या-विका अशा शिफारशी, बरोबर येतात.’ म्हणून त्याचा हिशेब स्वतः मांडायला शिका. एकदा शिकलात की पुढची कित्येक वर्षे उपयोगी पडेल.

सलग बारा महिन्यांचे सगळे कॉल घ्या आणि त्या काळात बाजार पडलेला असावा याची काळजी घ्या. सप्टेंबर 2024 च्या अखेरीस निफ्टी या पन्नास मोठ्या कंपन्यांच्या निर्देशांकाने 26,277 चा उच्चांक गाठला आणि मार्च 2025 च्या सुरुवातीला तो 22,000 च्या आसपास होता. हा टप्पा आत येईल असे बघा. एक्सेलमध्ये कॉलची तारीख-वेळ, शेअर, सांगितलेली किंमत, टार्गेट (ज्या भावाला नफा घेऊन विकायचे), स्टॉप लॉस (ज्या भावाला तोटा सोसून बाहेर पडायचे) असे रकाने करा. खरेदीची किंमत म्हणून त्याने सांगितलेला भाव धरू नका. व्हिडिओ संध्याकाळी येतो, तुम्हाला घेता येतो तो दुसऱ्या दिवशीच्या ओपनिंगला. तोच भाव धरा. छोट्या शेअरमध्ये एवढ्या एका बदलाने बराच नफा नाहीसा होऊ शकतो. टार्गेट आणि स्टॉप लॉस दोन्ही लागले असतील तर आधी कोणते लागले ते पाहा. दोन्ही एकाच दिवशी लागले असतील आणि क्रम कळत नसेल तर स्टॉप लॉस धरा. ‘होल्ड करा’ म्हणून सोडून दिलेले कॉलही मोजायचे, सहा महिन्यांनंतरच्या क्लोजिंगला. बोनस (फुकट मिळालेले जादा शेअर) किंवा स्प्लिट (एका शेअरचे अनेक शेअर) झाले असतील तर भाव दुरुस्त करून घ्यायला विसरू नका, नाहीतर नसलेला तोटा दिसेल.

मग प्रत्येक कॉलसमोर त्याच काळात निर्देशांक किती वाढला ते लिहा. मोठ्या कंपन्यांसाठी निफ्टी 50, छोट्यांसाठी निफ्टी स्मॉलकॅप 250, आणि दोन्ही लाभांश धरून काढलेले म्हणजे टोटल रिटर्न इंडेक्स. ही आकडेवारी निफ्टी निर्देशांकांच्या संकेतस्थळावर मिळते. स्मॉलकॅप 250 निर्देशांक 2023 या एका वर्षात सुमारे 48 टक्के वाढला होता. त्या वर्षी छोट्या शेअर्समध्ये 40 टक्के कमावून देणारा माणूस हुशार नव्हता, तो निर्देशांकाच्या मागे होता.

सरासरीसोबत मध्यकही, म्हणजे सगळे निकाल क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडाही काढा. समजा 30 कॉलपैकी 28 मध्ये सरासरी 8 टक्के तोटा झाला आणि दोन शेअर तिप्पट झाले, म्हणजे 200 टक्के नफा. सगळ्यांची सरासरी जवळजवळ 6 टक्के नफा दाखवते. पण सर्व 30 कोणी घेत नाही. तुम्ही त्यातले कोणतेही पाच घेतले असतील तर ते दोन तुमच्या पाचांत नसण्याची शक्यता 69 टक्के आहे. चॅनेलवर मात्र वर्षभर त्या दोनांचेच नाव घेतले जाते. थोड्या कॉलवरून निष्कर्षही काढू नका: नुसते नाणे उडवले तरी 15 पैकी 10 किंवा अधिक वेळा बरोबर येण्याची शक्यता 15 टक्के असते. शेकडो चॅनेल असताना असे ‘बरोबर’ येणारे डझनावारी सापडतात. साठ-सत्तर कॉलच्या आत मी कोणाबद्दल चांगले मत बनवू देणार नाही.

कॉल गोळा करताना एक अडचण येते: चुकलेले गायब झालेले असतात. टेलिग्राम चॅनेलमध्ये प्रत्येक संदेशाला ओळीने क्रमांक असतो. संदेशाची लिंक कॉपी केली की शेवटी तो दिसतो. 812 नंतर थेट 819 आले तर मधले संदेश काढून टाकलेले असण्याची शक्यता मोठी. पिन करणे, फोटोंचा गठ्ठा टाकणे यांनाही क्रमांक लागतात, त्यामुळे एखाद-दुसऱ्या फटीवरून आरोप करू नका. पण दर पडझडीच्या आठवड्यात मोठ्या फटी दिसल्या तर अर्थ उघड आहे. संदेशाखाली ‘एडिटेड’ दिसत असेल तर त्यातली किंमत पुराव्यात धरू नका. यूट्यूबवर शीर्षक आणि थंबनेल कधीही बदलता येतात, म्हणून व्हिडिओत प्रत्यक्ष काय म्हटले तेच टिपा. आणि एखादा ग्रुप सलग पाच वेळा अचूक ठरला म्हणून भारावून जाऊ नका. 6,400 जणांच्या निम्म्यांना ‘वर’ आणि निम्म्यांना ‘खाली’ असा निरोप पाठवला, चुकलेल्यांना सोडून पुन्हा तसेच केले, की पाच फेऱ्यांनंतर 200 जण उरतात, ज्यांनी त्या माणसाला एकदाही चुकताना पाहिलेले नसते. पैसे त्या 200 जणांकडून घेतले जातात.

नफ्याच्या स्क्रीनशॉटची किंमत शून्य धरा. ब्राउझरमध्ये आकडा बदलायला मिनिटही लागत नाही. ब्रोकरने पडताळलेली नफा-तोट्याची लिंक त्याहून बरी, पण तीही एकाच खात्याची असते. दोन खात्यांत उलटसुलट सौदे करून जिंकलेले तेवढे दाखवता येते. शिवाय ऑप्शनमध्ये (ठरलेल्या भावाने घेण्या-विकण्याच्या हक्काच्या सौद्यात) ‘40 टक्के नफा’ हा त्या सौद्याच्या प्रीमियमवर, म्हणजे त्या हक्कासाठी मोजलेल्या रकमेवर असतो, एकूण भांडवलावर नव्हे. नोंदणीकृत मंडळींच्या मागच्या कामगिरीची पडताळणी करण्यासाठी आता केअर रेटिंग्ज आणि एनएसई यांची व्यवस्था उभी राहते आहे. यापुढे कामगिरीचा दावा ऐकलात की ‘ही पडताळलेली आहे का’ एवढेच विचारा.

ऑप्शन शिकवणाऱ्यांबद्दल वेगळे लिहायची गरज नाही, सेबीचा 2024 चा अभ्यास पुरेसा आहे: 2021-22 ते 2023-24 या तीन वर्षांत फ्युचर्स आणि ऑप्शनमध्ये व्यवहार करणाऱ्या एक कोटीहून अधिक व्यक्तींपैकी 93 टक्क्यांना तोटा झाला, खर्च धरून एक लाखाच्या वर कमावणारे साधारण 1 टक्काच होते.

टिपांमागे जाणाऱ्यांचा बराच पैसा बुडतो तो मात्र छोट्या, फुगवलेल्या शेअर्समध्ये. साधना ब्रॉडकास्टचे प्रकरण त्यासाठी वाचण्यासारखे आहे. जुलै 2022 मध्ये काही यूट्यूब चॅनेलवर, पैसे मोजून केलेल्या जाहिरातींच्या जोरावर, व्हिडिओ पसरवले गेले की अदानी समूह ही कंपनी विकत घेणार आहे. तसे काहीच नव्हते. छोट्या भागधारकांची संख्या साधारण दोन हजारांवरून 55 हजारांवर गेली, आणि ते घेत असताना प्रवर्तक (कंपनीवर ताबा असलेले मूळ मालक) व आतली मंडळी विकत होती. मे 2025 च्या अंतिम आदेशात 59 जणांवर बंदी आली आणि सुमारे 58 कोटींचा बेकायदा नफा परत भरायला सांगितले गेले. पण तोवर तीन वर्षे गेली होती.

असा शेअर आधी ओळखता येतो. बीएसईच्या संकेतस्थळावर कंपनीच्या पानावर शेअरहोल्डिंग पॅटर्न उघडा. तो तिमाही संपल्यावर 21 दिवसांत येतो. प्रवर्तकांचा हिस्सा आणि दोन लाखांपर्यंत दर्शनी भांडवल असलेल्या छोट्या भागधारकांची संख्या, हे दोन आकडे मागच्या चार तिमाहींसाठी शेजारी लिहा. पहिला घटतोय आणि दुसरा उड्या मारतोय, म्हणजे माल कोणाकडून कोणाकडे जातो आहे ते कळले. मग घोषणांमध्ये जाऊन गेल्या वर्षभरात प्रेफरन्शियल इश्यू (ठरावीक लोकांनाच थेट नवे शेअर देणे) झाला का आणि कोणाला झाला ते पाहा. प्रवर्तक सोडून इतरांना असे मिळालेले शेअर साधारणपणे सहा महिने विकता येत नाहीत. हा लॉक-इन संपायच्या आसपास व्हिडिओंचा पूर आला असेल तर दूर राहा. नाव बदलून ‘ग्रीन’, ‘एआय’ किंवा ‘डिफेन्स’ लावणे, एकामागून एक स्प्लिट-बोनस, लेखापरीक्षकाचा मध्येच राजीनामा, आणि नफा दाखवूनही तीन वर्षे धंद्यातून रोख न येणे, यातले दोन एकत्र दिसले की मी पुढे वाचत नाही. बाजाराच्या एएसएम किंवा जीएसएम या निगराणी याद्यांत नाव आहे का, हेही पाहा.

अशा शेअरमधून बाहेर पडणे का जमत नाही, तेही समजून घ्या. दिवसाला भाव 5 टक्क्यांहून जास्त हलू नये अशी मर्यादा असलेल्या शेअरला सलग दहा लोअर सर्किट लागली, म्हणजे दहा दिवस तो रोज खालच्या मर्यादेला टेकला, की 100 चे 60 रुपये होतात आणि त्या दहा दिवसांत खरेदीदारच नसतो. स्टॉप लॉस अशा वेळी कामाला येत नाही, कारण तो लागल्यावरही विकत घेणारा लागतो. सर्किटला सगळ्यांची किंमत एकच असल्याने ज्याची ऑर्डर आधी, त्याचा नंबर आधी. म्हणून आदल्या रात्री बाजार बंद असतानाच ऑर्डर टाकून ठेवा आणि रोज टाकत राहा. सकाळी साडेनऊला टाकलेली ऑर्डर रांगेच्या शेवटी जाते.

आता हातातल्या शेअर्सकडे. खरेदी भावाचा रकाना झाकून ठेवा, त्याला पुढच्या निर्णयात जागा नाही. प्रत्येक कंपनीचा वार्षिक अहवाल आणि शेवटच्या चार तिमाहींचे निकाल उघडा. कंपनी पैसे कशातून कमावते, कर्ज किती, रोख येते का, प्रवर्तकांचे शेअर गहाण आहेत का, हे तुम्हाला स्वतःच्या शब्दांत अर्ध्या पानात लिहिता आले नाही तर तो शेअर तुमचा नाही. वर सांगितलेल्या खुणा असलेले शेअर तोटा सोसून विका आणि आधी विका. धंदा खरा पण भाव महाग अशा कंपन्या राहू द्या, मात्र एका शेअरमध्ये एकूण रकमेच्या 5 टक्क्यांहून अधिक ठेवू नका. पडलेला शेअर ॲव्हरेज करू नका, म्हणजे सरासरी भाव खाली आणण्यासाठी तो आणखी घेऊ नका. ‘ॲव्हरेज करा’ हे फुगवणाऱ्यांचे आवडते वाक्य आहे, कारण त्यांना उरलेला माल खपवायचा असतो.

विकताना कराचा हिशेब मदत करतो. शेअर एका वर्षाच्या आत विकून झालेला तोटा अल्प आणि दीर्घ, दोन्ही प्रकारच्या भांडवली नफ्यातून वजा होतो. दीर्घ मुदतीचा तोटा फक्त दीर्घ मुदतीच्या नफ्यातून. अल्प मुदतीच्या नफ्यावर 20 टक्के कर आहे, म्हणजे तेवढाच नफा दुसरीकडे असेल तर 80,000 च्या तोट्यातून 16,000 रुपये कर वाचतो. नफा नसेल तर तोटा आठ वर्षे पुढे नेता येतो, पण विवरणपत्र मुदतीत भरले तरच. म्हणून खरेदीला वर्ष पूर्ण व्हायच्या आधी यादी करा.

मोकळे झालेले पैसे लगेच दुसऱ्या शेअरमध्ये घालू नका. ज्याला आठवड्यातून चार-पाच तास वाचायला देता येत नाहीत त्याच्यासाठी निर्देशांक फंड (निर्देशांकातल्याच कंपन्यांत पैसे गुंतवणारा म्युच्युअल फंड) हाच माझा सल्ला, कोणतीही पुरवणी न जोडता.

फीचे पैसे परत हवे असतील तर टेलिग्रामचे संदेश, पावत्या, यूपीआय व्यवहार क्रमांक आजच एक्सपोर्ट करून ठेवा. ग्रुपमधून काढले की काही हाती राहत नाही. समोरचा नोंदणीकृत असेल तर आधी त्याला ईमेल करा, मग सेबीच्या स्कोअर्स पोर्टलवर तक्रार. उत्तराला 21 दिवसांची मुदत असते आणि समाधान झाले नाही तर 15 दिवसांत फेरतपासणी मागता येते. घटनेपासून एक वर्षाच्या आत तक्रार करायची असते. नोंदणी नसलेल्याने फसवले असेल तर 1930 या सायबर हेल्पलाइनला फोन करा किंवा सायबर गुन्हे पोर्टलवर जा आणि सेबीच्या 1800 22 7575 या क्रमांकावरही कळवा. ठरावीक परताव्याचे आश्वासन देऊन पैसेच गोळा केले असतील तर महाराष्ट्रात 1999 चा ठेवीदार संरक्षण कायदा लागू होऊ शकतो. अशा वेळी आर्थिक गुन्हे शाखेकडे एकट्याने जाण्यापेक्षा ग्रुपमधल्या दहा-वीस जणांनी मिळून, रकमांच्या तक्त्यासह जावे.

तक्रार केल्यानंतर काही दिवसांत ‘सेबीतून बोलतोय, तुमचे पैसे मंजूर झाले, प्रक्रिया शुल्क भरा’ असा फोन किंवा शिक्का मारलेले पत्र येऊ शकते. बुडालेल्यांच्या याद्या विकल्या जातात, आणि ही दुसरी फसवणूक त्या याद्यांवर चालते. परतावा मिळवून देण्यासाठी सेबी कोणाकडूनही पैसे मागत नाही. तो क्रमांक टिपून ठेवा आणि त्याच तक्रारीला जोडा.